टेंभी नाक्यापासून न्यू यॉर्क किती लांब?

टेंभी नाक्यावर उभे राहून ‘मुंबईचा विमानतळ इथून किती लांब?’ असे विचारले तर तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही बरोबर असतात. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर जेमतेम १५ किलोमीटर. पूर्व द्रुतगती मार्ग आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता धरून गाडीने गेले तर २२ ते २५. आणि मुरलेला ठाणेकर किलोमीटरमध्ये उत्तरच देत नाही. तो उलट विचारतो, ‘‘विमान कितीचं आहे?’’ कारण मध्यरात्री पाऊण तासात कापले जाणारे हे अंतर संध्याकाळी सहाला दोन तास खाते.

विमानतळाच्या अलीकडचा हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. पलीकडचा मात्र कुणी करत नाही. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या कितीतरी घरांतले आईवडील आता वर्षा-दोन वर्षांनी अमेरिकेला जातात. लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण असते, नातवंडांच्या शाळेला सुट्टी असते. निघण्याआधी पंधरा दिवस घरात लगबग असते. मेतकूट, भाजणी, डिंकाचे लाडू, गोडा मसाला यांची पाकिटे होतात, बॅग वजनकाट्यावर चढवून २३ किलोच्या आत बसवली जाते. प्रत्येक वस्तू तोलली जाते. ज्या शरीराला पृथ्वीच्या परिघाच्या जवळपास एक तृतीयांश अंतर ओलांडायचे आहे, त्याचा विचार ‘बीपीच्या गोळ्या घेतल्यास ना?’ या प्रश्नावर संपतो.

मुंबई ते न्यू यॉर्क अंतर मोबाइलवर विचारले की सुमारे १२,५०० किलोमीटर असे उत्तर येते. पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर आहे. म्हणजे पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून फार तर २०,००० किलोमीटर दूर असू शकतात. त्यापुढे गेलो की आपण परत जवळ येऊ लागतो. ठाण्याच्या बरोबर पायाखालचा, पृथ्वीच्या पलीकडचा बिंदू प्रशांत महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला पडतो. तिथे पाण्याशिवाय काही नाही. माणसांच्या वस्तीत ठाण्यापासून फार दूरची जी मोठी शहरे आहेत, त्यांत न्यू यॉर्क आणि त्याच्याही पुढचे सॅन फ्रान्सिस्को येते. सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५०० किलोमीटर.

पण हे १२,५०० आले कुठून? शाळेच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवला तर मुंबईहून न्यू यॉर्कला जायचे म्हणजे अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून डावीकडे सरळ जायचे असे वाटते. त्या नकाशावरच्या सरळ रेषेची लांबी प्रत्यक्ष पृथ्वीवर मोजली तर ती सुमारे १४,२०० किलोमीटर भरते. विमानात समोरच्या पडद्यावर मात्र वेगळेच दिसते. विमान वर, उत्तरेकडे निघालेले असते. आयुष्यात पहिल्यांदा प्रवास करणारे काका शेजारच्याला हळूच विचारतात, ‘‘हे चुकीच्या दिशेने तर जात नाही ना?’’

घरात पृथ्वीचा गोल असेल तर याचे उत्तर एका दोऱ्यात मिळते. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यू यॉर्कवर धरून तो ताणायचा. दोरा अरबस्तानाकडे जातच नाही. तो सिंध, मध्य आशिया, रशिया असा वर चढतो, उत्तर ध्रुववृत्ताच्या थोडा खाली, साधारण ६५ अंश उत्तरेपर्यंत जातो आणि मग अमेरिकेवर उतरतो. गोलावरचा हा सर्वांत जवळचा मार्ग. सपाट नकाशा हा मोसंबीचे साल टेबलावर दाबून बसवण्यासारखा प्रकार आहे. ते नीट बसावे म्हणून ध्रुवांकडचे भाग ताणावे लागतात, त्यामुळे तिथली अंतरे आहेत त्यापेक्षा फार मोठी दिसतात आणि जवळची वाट लांबची वाटते. दोऱ्याची वाट धरल्यामुळे सोळाशेहून अधिक किलोमीटर वाचतात. मुंबई ते दिल्ली रस्त्याने जेवढे, त्याहून जास्त.

अर्थात दोऱ्यावरून तंतोतंत उडता येत नाही. आकाशातही जोडरस्ते, वळणे आणि बंद फाटके असतात. पाकिस्तानने २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर अमेरिकेकडे जाणारी काही उड्डाणे लांबली, काहींना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. दोन शहरे जागची हलली नव्हती. अंतर मात्र वाढले होते. शिवाय वारा आहे. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार प्रवाह असतात. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून मुंबईहून न्यू यॉर्कला जायला साधारण साडेपंधरा-सोळा तास लागतात आणि परत यायला तास-दीड तास कमी.

इथपर्यंतचा भूगोल वैमानिकाने सांभाळायचा. प्रवाशाच्या शरीराला किलोमीटर कळत नाहीत. त्याला दोनच अंतरे समजतात. एक, किती तास हललो नाही. दुसरे, सूर्य किती सरकला.

पहिले अंतर आधी घेऊ, कारण ते जिवावर बेतू शकते.

एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला गेले, ते कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत. १९६० मध्ये न्यू यॉर्कची सेवा सुरू झाली, तीही लंडनमार्गे. थांबे म्हणजे कंटाळा, पण थांबे म्हणजे उतरणे, चालणे, पाय मोकळे करणेही होते. ऑगस्ट २००७ मध्ये मुंबई-न्यू यॉर्क थेट विमान आले आणि बसण्याची एकच अखंड बैठक पंधरा तासांवर गेली. सोय वाढली, धावपळ वाचली, वयस्कर माणसांना अनोळखी विमानतळावर फाटक शोधत फिरावे लागत नाही, हे सगळे खरेच. पण पोटरीच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचा आहे.

पायातले रक्त वर हृदयाकडे चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या जोरावर. चालताना हे स्नायू आवळतात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला खाली परतू देत नाहीत. माणूस बसून राहिला की हा पंप थांबतो. गुडघे वाकलेले, खुर्चीची कड मांडीखाली रुतलेली, रक्त पोटरीत साचलेले. साचलेले रक्त कधीकधी खोलवरच्या शिरेत गोठते. ती गुठळी तिथेच विरघळली तर कुणाला पत्ताही लागत नाही. सुटून वर गेली तर ती हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकते, आणि तेव्हा मिनिटांचा खेळ असतो.

याचे खापर विमानावर फोडायची पद्धत आहे, पण विमान हे निमित्त आहे. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना लोक रात्र रात्र तळघरांत, आरामखुर्च्यांवर बसून काढत. किथ सिम्प्सन या न्यायवैद्यक डॉक्टरांना शवविच्छेदनांत फुप्फुसात गुठळी अडकून झालेले मृत्यू एकाएकी वाढलेले दिसले. खुर्चीच्या पुढच्या दांड्याने पायांच्या शिरा दाबल्या जात होत्या. १९५४ मध्ये अमेरिकी शल्यविशारद जॉन होमन्स यांनी लांबच्या बैठकीनंतर पायात गुठळी झालेल्या रुग्णांची नोंद केली. त्यांत विमानाचे प्रवासीही होते. पुढे याला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. ते दिशाभूल करणारे आहे. महागड्या खुर्चीत झोपून राहिलेल्यालाही गुठळी होते, आणि चार तासांहून लांबचा मोटारीचा, बसचा किंवा रेल्वेचा प्रवास करणाऱ्यालाही. ठाण्याहून रात्रीच्या बसने नागपूरला जाणाऱ्याने हा परिच्छेद परक्याचा समजू नये.

धोका किती? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, पण मुळात तो लहान आहे. सुमारे ६००० प्रवाशांमागे एक. हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकायला हरकत नाही. मात्र हा आकडा ज्यांच्यावरून काढला ते बहुतांशी धडधाकट, नोकरी करणारे लोक होते. प्रवास जितका लांब तितका धोका वाढतो, थोड्या दिवसांत अनेक प्रवास केले तरी वाढतो. ज्यांना आधी गुठळी झाली आहे, ज्यांचे नुकतेच गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन झाले आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत, जे फार स्थूल आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा संप्रेरकांच्या गोळ्या घेतात, त्यांचा हिशेब वेगळा. एक गंमत वाटावी अशी नोंद याच अभ्यासांत आहे. फार उंच माणसांप्रमाणेच १६० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या माणसांनाही धोका अधिक दिसला. आपल्याकडच्या कितीतरी आया या उंचीच्या आतल्या. विमानाच्या खुर्चीत त्यांचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि सगळा भार मांडीच्या मागच्या कडेवर येतो. पायाखाली छोटी पिशवी किंवा घडी केलेली उशी ठेवली तरी फरक पडतो.

बाकी उपाय साधे आहेत, म्हणूनच केले जात नाहीत. मधल्या वाटेलगतची जागा मागून घ्यावी. खिडकी नातवासाठी ठेवावी. जागे असताना दर तासा-दीड तासाने उठून स्वच्छतागृहापर्यंत जाऊन यावे. शेजारचा झोपला आहे, त्याला कसे उठवायचे, हा संकोच आपल्या लोकांना फार नडतो. बसल्या बसल्या टाचा टेकवून चवडे उचलायचे, मग चवडे टेकवून टाचा उचलायच्या. शिलाई मशीन पायाने चालवणाऱ्या पिढीला हे शिकवावे लागत नाही. गुडघ्यापर्यंतचे, योग्य मापाचे दाबमोजे लांबच्या प्रवासात लक्षणे न दाखवणाऱ्या गुठळ्या कमी करतात, याला चांगला पुरावा आहे. ज्यांना धोका जास्त त्यांनी डॉक्टरांना विचारून ते घ्यावेत. पायांतला रक्तपुरवठाच कमी असलेल्या मधुमेहींनी तर विचारल्याशिवाय घालूच नयेत. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून मनाने ॲस्पिरिन घेणे मात्र टाळावे. झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच कुशीवर पडून राहणे हाही शहाणपणा नाही.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. ही गुठळी विमानात क्वचितच बोलते. तिचा धोका उतरल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि काही आठवडे राहतो. म्हणजे लक्षण दिसते ते लेकीच्या घरी. एकाच पोटरीला सूज, दुखरेपणा, तिथली कातडी गरम किंवा लाल. किंवा अचानक धाप, खोल श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त. आई ते सांगत नाही. तिला ठाऊक असते की तिकडे डॉक्टर महाग आहे, जावयाला किंवा मुलाला रजा टाकावी लागेल, विम्याची भानगड होईल. ती पायाला तेल चोळते आणि ‘प्रवासाने अंग आंबलंय’ म्हणते. गुठळी असलेला पाय चोळणे चांगले नाही आणि दडवणे त्याहून वाईट. प्रवासी विमा काढताना आधीपासूनच्या आजारांचे कलम मुलांनी वाचावे, आणि ‘खर्चाचा विचार करू नकोस, सांग’ हे वाक्य विमानात बसायच्या आधी आईला एकदा स्पष्ट शब्दांत म्हणून ठेवावे.

बैठकीबरोबर उंचीही येते. विमान दहा-बारा किलोमीटर उंचावरून जात असले तरी आतला दाब कृत्रिमपणे राखलेला असतो. तो साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे प्रवासी पंधरा तास कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. निरोगी माणसाला तिथे काही होत नाही, थोडा थकवा जाणवतो. पण ज्याला चार जिने चढताना धाप लागते, ज्याचे हिमोग्लोबिन फार खाली आहे, ज्याला नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याने तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना हेच विचारावे, ‘मला पंधरा तास कळसूबाईवर बसता येईल का?’ प्रश्न असा विचारला की उत्तर नेमके मिळते. कमी दाबात वायू फुगतो, म्हणून पोट गच्च वाटते. आणि दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरून जाईपर्यंत विमानप्रवास करायचाच नसतो, नाहीतर डोळा जाऊ शकतो. हवाही कमालीची कोरडी असते. ठाण्याच्या दमट हवेत वाढलेल्या नाका-घशाला ती बोचते, एवढेच. पाणी घोट घोट प्यावे.

आता दुसरे अंतर, सूर्याचे.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला चार मिनिटे. ठाणे ७३ अंश पूर्वेला आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांवरची. म्हणून टेंभी नाक्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो घड्याळात साधारण बारा वाजून अडतीस मिनिटांनी. (मुंबई याच कारणासाठी १९५५ पर्यंत आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ चालवत होती.) न्यू यॉर्क ७४ अंश पश्चिमेला. दोघांत १४७ अंश, गुणिले चार मिनिटे, म्हणजे जवळपास पावणेदहा तास. घड्याळे हा फरक उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास दाखवतात. शरीराने ओलांडलेले खरे अंतर ते हेच.

किलोमीटरशी त्याचा संबंध नाही, हे एका उदाहरणाने पटेल. लंडनहून केप टाऊन सुमारे ९,७०० किलोमीटर, तर लंडनहून मुंबई ७,२००. पण केप टाऊनला जाणारा दक्षिणेकडे सरळ खाली उतरतो. घड्याळ तास-दोन तासांनी बदलते आणि दुसऱ्या दिवशी तो न्याहारीला ताजातवाना असतो. त्यापेक्षा अडीच हजार किलोमीटर कमी प्रवास करून मुंबईत उतरलेला आठवडाभर अवेळी जांभया देतो. उत्तर-दक्षिण अंतर दमवते. पूर्व-पश्चिम अंतर दमवते आणि बिघडवते.

उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दोनला निघालेले विमान न्यू यॉर्कला त्याच दिवशी सकाळी आठच्या सुमाराला पोहोचते. घड्याळाच्या मते सहा तास झाले. खुर्चीच्या मते साडेपंधरा. आणि शरीराच्या मते आता संध्याकाळचे साडेपाच वाजले आहेत, चहा कुठाय? मुले उत्साहाने घर दाखवतात, दुपारी डोळे मिटू लागतात, संध्याकाळी सातला माणूस गाढ झोपतो. आणि रात्री अडीचला टक्क जाग येते, पोटात कावळे ओरडत असतात. यात बिघाड काहीच नाही. ठाण्यात दुपारचे बारा वाजलेत, पानं मांडायची वेळ झाली आहे.

मेंदूत, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या वरच, काही हजार पेशींचा एक पुंजका हे घड्याळ चालवतो. पेशींमधली ही घड्याळे कशी चालतात, हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रोसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. बहुतेक माणसांत या घड्याळाचा दिवस २४ तासांपेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून त्याला मागे रेंगाळणे सोपे जाते आणि पुढे पळणे अवघड. पश्चिमेला जाणे म्हणजे रेंगाळणे. पूर्वेला, घरी परतणे म्हणजे पळणे. आणि ते सरकते दिवसाला साधारण एक तास, मग माणूस कितीही वेगाने आलेला असो. साडेनऊ तास सरकायला आठवडा-दीड आठवडा हवाच. लोक बारा दिवसांची सहल आखतात तेव्हा शरीर पोहोचेपर्यंत परतीचे विमान उभे असते.

घड्याळ सरकवणारा मुख्य हात उजेडाचा. पण उजेड कधी घ्यावा, याबाबत एक गैरसमज सर्रास आहे. ‘सकाळी उन्हात फिरा’ हा सल्ला सगळीकडे चालत नाही. शरीराच्या पहाटेच्या चार-पाचच्या आधी मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, नंतर मिळालेला पुढे. न्यू यॉर्कला गेल्यावर पहिले काही दिवस संध्याकाळी सहापर्यंत बाहेर उजेडात राहावे. तेव्हा शरीरात पहाटेचे साडेतीन असतात आणि घड्याळ हवे तसे मागे जाते. परत आल्यावर गणित उलटते. पहाटेच्या विमानाने आलेला माणूस सातला तलावपाळीवर फेरी मारायला गेला, तर त्याच्या शरीरात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तो उजेड घड्याळाला पुढे पळवण्याऐवजी मागेच खेचतो. पहिले दोन-तीन दिवस सकाळी सावलीत आणि दुपारी अडीचनंतर उजेडात, हा क्रम बरा. मग रोज थोडे अलीकडे यावे. मेलाटोनिनची गोळी काहींना उपयोगी पडते, पण रक्त पातळ करण्याचे औषध चालू असलेल्यांनी ती परस्पर घेऊ नये.

रोजची औषधे हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. थायरॉइडची किंवा रक्तदाबाची दिवसातून एकदा घ्यायची गोळी बहुतेकांना एक-दोन दिवसांत स्थानिक सकाळवर आणता येते. इन्सुलिनचे तसे नाही. पश्चिमेला जाताना दिवस साडेनऊ तासांनी ताणला जातो, मधे जास्तीची जेवणे येतात. परतताना तोच दिवस आखडतो आणि नेहमीचा डोस नेहमीच्या घड्याळाने घेतला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी तिकीट हातात घेऊन डॉक्टरांकडे जावे, विमान सुटण्याची, जेवणांची आणि पोहोचण्याची वेळ दोन्ही देशांच्या घड्याळांत कागदावर लिहून न्यावी आणि डोस त्याच कागदावर लिहून आणावेत. इन्सुलिन सामानाच्या बॅगेत टाकले तर खालच्या कप्प्यात गोठून निकामी होऊ शकते. ते हातातल्या पिशवीतच हवे. सगळी औषधे मूळ पाकिटांत, सोबत चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचे मूळ नावही, कारण आपल्याकडचा ब्रँड तिकडचा फार्मसिस्ट ओळखत नाही. एका मनगटावर जुने एचएमटी चढवून ते ठाण्याच्याच वेळेवर ठेवणारे आजोबा हास्यास्पद दिसतात, पण प्रवासाच्या दिवशी औषधांच्या बाबतीत तेच सर्वांत बिनचूक असतात.

परतीच्या वाटेवर विमान वाऱ्याबरोबर येते, तास-दीड तास वाचतो आणि तो जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर खर्ची पडतो. बॅगा उतरतात, शेजारी डोकावतात, ‘थकलात हो’ म्हणतात. नवरात्रात परतलेल्यांची मात्र सोय असते. रात्री अकराला सगळे घर पेंगत असते आणि आजी टक्क जागी, कारण तिच्या शरीरात दुपारचा दीड वाजलेला असतो. टेंभी नाक्याच्या देवीसमोरच्या रांगेत त्या वेळी तिच्याइतके ताजे कुणीच नसते; फक्त उभ्या उभ्या टाचा वर-खाली करत राहायचे.